चाळीस दिवसांचं लंगडणं

लोक अजूनही विचारतात, "ती चाल तुम्ही बसवली कशी हो?" आणि माझं डोकं सणकतं. विचारणारा कौतुकानेच विचारत असतो, त्याचा काही दोष नसतो, पण मला त्याच्यासमोर ग्राइंडर चालू करावासा वाटतो, म्हणजे पुढचं ऐकायला नको. एक-दोनदा केलाही आहे. माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, श्रीरामपूरपासून एसटीने अर्ध्या तासावरच्या गावात. गेट, ग्रिल, लोखंडी जिने करतो. लोकांनी वाखाणावं असं अभिनयाचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, आणि ते इतकं चांगलं केलं की मला त्याची आजही चीड येते.

आमच्या गावातली निम्मी वस्ती ख्रिस्ती आहे. दर गुड फ्रायडेला दुपारी देवळामागच्या पटांगणात प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक होतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. राहात्याकडचे, राहुरीकडचे पाहुणे येतात, आसपासच्या वाड्यांवरून लोक टेम्पो भरून येतात, गावातले हिंदू शेजारीही डोक्यावर टॉवेल टाकून उन्हात बसतात. नाटकात कुणी बोलत मात्र नाही. सगळे संवाद फार पूर्वी एका खोलीत बसून टेप करून घेतलेले आहेत. आधी कॅसेट होती, आता पेनड्राइव्ह आहे. आवाज स्पीकरमधून येतो आणि आम्ही ओठ हलवतो. ज्यांचे आवाज आहेत त्यातले बरेच जण वारले, त्यामुळे काम करणारा बदलला तरी आवाज तोच राहतो. आपल्या हातात उरतं फक्त अंग.

या नाटकात खलनायक म्हणावा असा एकच. प्रभूचा तो शिष्य, ज्याने जवळ जाऊन गालाचा मुका घेतला आणि त्या खुणेने त्याला शिपायांच्या हाती दिलं. त्याच्याइतका बदनाम माणूस जगात दुसरा नसेल. माझ्या आईने त्याचं नाव घरात कधी घेतलं नाही, 'धरून देणारा' एवढंच म्हणायची. मीही तेवढंच लिहितो.

तीन वर्षं मी रोमन शिपाई होतो. शिपायांचे पत्र्याचे टोप माझ्याच दुकानात होतात, म्हणून मला शिपाई करत असावेत. चौथ्या वर्षी धरून देणाऱ्याचं काम करणारा माणूस चाकणला कंपनीत लागला. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, देवळातली मिस्सेची प्रार्थना झाल्यावर फादरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. ते काम कुणालाच नको असतं. लोक वर्षभर त्या नावाने चिडवतात. मी एका दमात हो म्हणालो. फादरांना वाटलं, किती नम्र माणूस. नम्रपणा कसला? माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहिला होता.

तो आमच्याच देवळात मागच्या बाकावर बसायचा. माझ्या थोरल्या भावाच्या बरोबरीचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी दोघे एकाच जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात कामाला होते. तिथे मशीनच्या पट्ट्यात एका बाईचा पदर गेला आणि पदराबरोबर हात गेला. कामगार म्हणाले, पट्ट्यांवर जाळी बसवा. मालकाने महिनाभर झुलवलं. मग एका सकाळी सगळे पट्टे कापलेले सापडले. कापणारे सात जण होते आणि त्यांत माझा भाऊ होता. मालकाने कामगारांना एकेक करून आत बोलावलं. बाकीच्यांनी काही माहीत नाही म्हणून सांगितलं, याने सातही नावं दिली.

सातही जण कामावरून गेले. पोलीस केस झाली. भावाचं ठरलेलं लग्न मोडलं. चार वर्षं कोर्टात तारखांना खेटे घातले आणि मग तो पुण्याला जाऊन वॉचमन झाला. नाताळालाही येईना. आईच्या मातीला आला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेला. हा मात्र इथेच राहिला. जिनिंग बंद पडेपर्यंत पगार घेतला, मग दोन म्हशी घेतल्या. अख्ख्या गावाला माहीत होतं आणि अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं. रविवार आला की त्यालाही 'जय ख्रिस्त' म्हणायचं, त्याच्याही मुलांच्या लग्नात जेवायचं. मी कधी जेवलो नाही.

तर मी ठरवलं. आवाज टेपमधल्या, आता वारलेल्या शाळामास्तरांचाच राहणार, पण अंग या माणसाचं असेल. प्रभूला धरून देणारा या वर्षी याच्यासारखा चालेल, याच्यासारखा घाम पुसेल, याच्यासारखा मागे वळून बघेल. पटांगणात बसलेल्या सगळ्यांनी ओळखलं पाहिजे, आणि त्यानेही बसून बघितलं पाहिजे. भावाला फोन केला. म्हणालो, "दादा, या गुड फ्रायडेला ये. तुझ्यासाठी काम करतोय." तो म्हणाला, "बघतो, रजा मिळाली तर."

उपवासकाळात कुणी मांस-मच्छी सोडतं, कुणी तंबाखू सोडतं. मी सरळ चालणं सोडलं. त्या माणसाचा डावा पाय गुडघ्यात वाकायचा नाही. पाऊल उचललं की पाय बाहेरून फिरवून पुढे टाकायचा आणि टेकताना खांदा खाली जायचा. हे नुसतं बघून येत नाही. मी बेअरिंगमधला एक छर्रा काढला आणि डाव्या चपलेत टाचेखाली चिकटवला. पहिले चार दिवस टाच सुजली. दुकानात, घरात, बाजारात, सगळीकडे तसाच चालायचो. सकाळी तो दूध घालायला डेअरीवर यायचा, तेव्हा मी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो. मापं लिहायच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचो. टॉवेलची घडी चौपदरी. मान पुसतो, मग ओठ. वळणावर थांबतो, मागे बघतो, मग वळतो. दुसरे हसून संपले की हसतो. कप रिकामा झाल्याशिवाय खाली ठेवत नाही. कामाची मापं घेताना मी इतका काटेकोर कधी नव्हतो.

बायको वैतागली. म्हणाली, "घरात तरी नीट चाला. पोरगी इचारतीया, पप्पाचा पाय कशानं मोडला म्हनून." मी तिच्यावर खेकसलो. त्या दिवसांत मी सगळ्यांवरच खेकसत होतो, आणि मला ते कामाला उपयोगाचं वाटत होतं. राग जितका ताजा तितकं काम चांगलं, असा माझा हिशेब. रोज सकाळी डेअरीसमोर बसून मी तो ताजा करून घ्यायचो.

तालमीत पहिल्यांदा तसा चालत आलो तेव्हा सगळे एकदम थांबले. फादर तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "वा, हा माणूस जिवंत वाटतो." बाकीच्यांना लगेच कळलं. दुसऱ्या दिवसापासून तालीम बघायला गर्दी होऊ लागली. पंचवीस वर्षं ज्यांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, ते भिंतीला टेकून फिदीफिदी हसत होते. त्यांचा मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. उलट मी टॉवेल आणखी सावकाश घडी करू लागलो.

झावळ्यांच्या रविवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेआधीच्या रविवाराच्या, आदल्या गुरुवारी, दुपारी, तो माझ्या दुकानात आला. सायकलचा मोडलेला स्टँड हातात होता. मी तो घेतला, वेल्डिंग केलं, परत दिला. तो जाईना. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तू माझं चालनं घेतलंस म्हनं."

मी वेल्डिंगच्या कांड्या गोळा करू लागलो.

"घे," तो म्हणाला. "मी नावं दिली हुती. सातबी दिली. त्याचं सोंग कर, मी येऊन बघीन. पन ध्यानात घे, तवा मी लंगडत नव्हतो. मालकानं बोलावलं तवा पळत गेल्तो मी. पाय नंतरचा हाय." मग सायकलचा स्टँड उचलून उठत म्हणाला, "तुला म्हाईत हाय पाय कशानं गेला त्ये."

मला माहीत होतं. आतापर्यंत लिहिलं नाही, कारण चाळीस दिवस मी तो विचार जवळ येऊ दिला नव्हता. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. केस झाल्यावर सातांतले चौघे, त्यात भाऊ, ओढ्याच्या पुलापाशी त्याच्या वाटेवर बसले. तो तेव्हा भल्या सकाळी सायकलवरून जिनिंगला कामावर जायचा. चौघांनी तोंडाला उपरणी बांधली होती, हातात फावड्याचे दांडे होते. मला कुणी येतंय का बघायला पुलावर उभं केलं होतं. माझ्या तोंडाला काही नव्हतं. पडल्या पडल्या त्याने एकदा वर बघितलं आणि मला बघितलं. नंतर दवाखान्यात फौजदाराने पुन्हा पुन्हा विचारूनही त्याने कुणाचं नाव सांगितलं नाही. अंधार होता, ओळखलं नाही म्हणाला. अंधार नव्हता. चांगलं उजाडलं होतं.

म्हणजे ज्या पायाने मी खलनायक उभा करत होतो, तो पाय आमचं काम होतं. एवढी तयारी केली, एवढी पानं भरली, आणि ही चूक माझ्या हातून झाली. चूक तरी कशी म्हणू? धरून देताना तो धडधाकट होता. त्याने केलेलं वाईट दाखवायचं तर मला सरळ चालणारा, पळत जाणारा माणूस दाखवायला हवा होता. पण तसा माणूस गावाने ओळखला नसता. गावाला ओळखायला लंगडाच हवा होता.

त्या संध्याकाळी मी चपलेतला छर्रा काढला. शुक्रवारी आणि शनिवारी सरळ चाललो, टाच हलकी वाटत होती. सोमवारच्या तालमीत सरळ चालत आलो, तर भिंतीशी टेकलेल्यांतला एक म्हणाला, "आज मजा न्हाई आली राव." फादर म्हणाले, "ते कुठे गेलं? का सोडलंत?" मी म्हणालो, "जमंना." त्याच दिवशी भावाचा फोन आला. रजा मिळाली होती. कित्येक वर्षांनी तो आपणहून गावाला येणार होता, आणि मी त्याला सांगितलं होतं की तुझ्यासाठी काहीतरी करतोय. सरळ चालणारा कुणीतरी दाखवून काय सांगणार होतो मी त्याला? मंगळवारी छर्रा परत चिकटवला. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे इथे लिहून ठेवतो.

गुड फ्रायडेला ऊन रणरणत होतं. तो माणूस दरवर्षी पटांगणाच्या कडेला पाण्याचे ड्रम सांभाळायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओगराळ्याने पाणी द्यायचा. त्या दिवशीही तिथेच होता, धुतलेला सदरा घालून. येऊन बघीन म्हणाला होता, तसा बघत होता. मी आलो. पाय बाहेरून फिरवत, वळणावर थांबत, मागे बघत आलो. पहिल्या रांगांतून कुजबुज निघाली आणि मागेपर्यंत गेली. स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला. मी प्रभू झालेल्या माणसाच्या गालाला ओठ लावले, मग टॉवेलची चौपदरी घडी केली आणि आधी मान पुसली, मग ओठ. तेव्हा लोक हसले. गुड फ्रायडेच्या नाटकात, प्रभूला बांधत असताना, लोक हसले. आणि मग माना वळल्या, ड्रमांकडे.

मी पडद्यामागे गेलो आणि फटीतून बघत राहिलो. क्रुसाची वाट, म्हणजे प्रभू क्रूस वाहून नेतो तो भाग, सुरू झाली होती, लोकांना तहान लागली होती. ते ड्रमांपाशी जात होते. त्याने ओगराळं पुढे केलं की ग्लास मागे घ्यायचे. एकाने त्याच्या हातातून ओगराळं काढून घेतलं, स्वतः पाणी घेतलं आणि पुढच्याला दिलं. मग ओगराळं असंच हातोहात फिरत राहिलं आणि तो ड्रमाशेजारी रिकाम्या हातांनी उभा राहिला. हे करणारे आम्ही कोण? आमच्या पणज्या विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या आणि वरून कुणी ओतेल तेवढं ओंजळीत घ्यायच्या. त्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. त्या गोष्टी सांगताना आजही आमचा आवाज चढतो. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण बाहेर जाऊन मी कुणाचा हात धरला नाही. चेहऱ्याला रंग होता, अजून एक प्रवेश बाकी होता, असं स्वतःला सांगितलं.

भाऊ नाटक संपायच्या आत उठला होता. घरी आलो तर तो पिशवी भरत होता. बायकोने ताट वाढलेलं तसंच होतं.

"दादा, बघितलंस ना?" मी विचारलं.

"बघितलं." तो पिशवीची चेन ओढत म्हणाला. "पाय आपन मोडला त्याचा. मी मारलं, तू हुतास पुलावर. त्यो पाय कशाला घातला त्यात?"

"तुझ्यासाठीच केलं."

"मी सांगितलं हुतं का?" तो म्हणाला. "इतकी वर्सं मी गावात येत न्हाई त्ये त्याच्यामुळं न्हाई. त्या पायामुळं येत न्हाई. त्यो दिसला की मला अन्न जात न्हाई." आणि गेला. स्टँडपर्यंत सोडायला निघालो तर हातानेच 'मागे सर' म्हणाला. मला त्याचाही राग आला. हे त्याने एकदा तरी आधी सांगायचं होतं. फोनवर सांगता आलं असतं.

ईस्टरच्या सकाळी देवळात लोकांनी मला मिठ्या मारल्या. म्हणाले, असा धरून देणारा कधी झाला नाही. तो मागच्या बाकावर होता, त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. कुणीतरी मोबाईलवर काढलेला माझा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. डेअरीवर पोरं त्याच्या मागे पाय फिरवत चालायला लागली. पंधरा दिवसांनी तो दूध गावातल्या डेअरीवर घालायचं सोडून पुढच्या गावाला नेऊ लागला. त्या पायाने, सायकल ढकलत. मी चाळीस दिवस त्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो, त्याच्या कपाचीसुद्धा नोंद केली होती, आणि 'नावं का दिलीत?' हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. तो दुकानात स्टुलावर बसला होता तेव्हाही नाही. आजही मला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी मी काम घेतलं नाही. शाळेची व्हॅन चालवणारा एक तिशीतला माणूस तयार झाला. बाहेरून येऊन आमच्या गावात राहिलेला, जुनं काही ठाऊक नसलेला. फादर म्हणाले, "तुम्ही त्याला शिकवा." नाही म्हणायचं म्हणून गेलो आणि पटांगणात थांबलो. त्याने व्हिडिओ बघून सगळं पाठ केलं होतं. थांबणं, मागे बघणं, टॉवेल, सगळं. पाय तेवढा जमत नव्हता. नाटकातले सगळे गोल करून उभे होते, त्यात पट्टे कापणाऱ्या सातांतला एक होता, आता चांगला पिकलेला. आणि देवळाच्या कडेच्या रस्त्याने तो, ज्याची चाल मी घेतली होती, म्हशी घेऊन घराकडे चालला होता. कुंपणापाशी थांबून बघू लागला. हाकेच्या अंतरावर होता, सगळं ऐकू जात होतं.

"काका," व्हॅनवाल्याने विचारलं, "एक सांगा. हा धरून देणारा पहिल्यापासूनच लंगडा होता ना? शास्त्रात तसंच आहे ना?"

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. गोलातला तो सातांतला माणूस खाली मातीकडे बघत होता. कुंपणापलीकडचा माझ्याकडे बघत होता. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं.

"व्हय," मी म्हणालो. "डावा पाय अजून थोडा बाहेर टाक."